परत मागितलेले पेढे

चिंचेखालच्या तालमीच्या फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक हवा होता, आणि अध्यक्ष रावसाहेब इंगवल्यांनी तो घरातच शोधला होता. मेहुणे प्रतापराव! बुटाची नाडीसुद्धा दुसऱ्याकडून बांधून घेणारा माणूस. पोरांना हवे होते जुने गोलकीपर इलाहीभाई नदाफ. पण रावसाहेबांपुढे बोलणार कोण?

भर सभेत हौसाक्का उठली. ती भाजी विकायची, पण तीस वर्षांत संघाची एक मॅच तिने चुकवली नव्हती.

"आक्का, बसा खाली," रावसाहेब हसले. "प्रशिक्षक निवडायला खेळातलं कळावं लागतं."

"खरं हाय साहेब, मला अडाणीला काय कळतंय? म्हणून ज्यांस्नी कळतंय त्यांस्नीच विचारलं." तिने पाटीतून पेढ्यांचा पुडा काढून पुढे ठेवला. "काल त्यांस्नी सांगितलं, प्रतापराव येणार. ऐकल्याबरोबर फटाके उडवले त्यांनी, आणि तुमच्यासाठी हे पेढे दिले."

रावसाहेब खुलले. अर्धा पेढा तोंडात टाकत म्हणाले, "याला म्हणतात पारख! कोण ही मंडळी?"

"खालच्या पेठेची तालीम. रविवारी आपली फायनल त्यांच्यासंगंच हाय न्हवं?"

सभेत खसखस पिकली. रावसाहेब लाल झाले. "मग इलाहीचं नावही सांगून बघायचं होतं की!"

"सांगितलं, आज सकाळी."

"मग?"

"पेढे परत मागायला आलेत. दारात उभी हाईत माणसं."

रावसाहेबांनी हातातला अर्धा पेढा गुपचूप पुड्यात ठेवला आणि कागदावर इलाहीभाईंचं नाव लिहिलं.