भुईरिंगणीचा काटा

सह्याद्रीच्या कुशीतल्या कातळदरे गावी त्या वर्षी भानगिरी महाराजांचा मुक्काम होता. फाल्गुन सरत आला होता आणि गावात खोकल्या-तापाची साथ शिरली होती. महाराजांच्या धुनीवर रोज काढा उकळे: अडुळसा, सुंठ आणि भुईरिंगणी. ही भुईरिंगणी जमिनीला चिकटून वाढते आणि तिच्या पानापानाला काटे असतात. डोंगरावर अनवाणी जाऊन ती आणायची ठकू ठाकरीण.

गावचे वैद्य केसोपंत यांना हे मुळीच रुचत नव्हते. पंतांची विद्या खोटी नव्हती हो. पण ती त्यांच्या डोक्यात गेली होती. आदल्या संध्याकाळी अक्षता वाहून वनस्पतीला आमंत्रण द्यावे, पुष्य नक्षत्रावर ती उपटावी, मगच ते औषध, असा त्यांचा दंडक!

"ठकू, मंत्र येतो का गं तुला?" एकदा त्यांनी चारचौघांत विचारले.

"न्हाई जी. म्या म्हनते, चल गं बाई, लेकरं खोकत्यात."

पंत पोट धरून हसले. "मग तू आणतेस तो नुसता पाला!"

एवढ्यावर थांबतील तर ते पंत कसले! त्यांनी डोंगरउतारावरच्या साऱ्या भुईरिंगणीला लाल दोरे बांधले आणि पुष्य येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असे बजावले. महाराज एवढेच म्हणाले, "पंत, आजार पंचांग बघून येतो का?" पंतांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. ठकूने मात्र जाणत्या माणसाचा शब्द म्हणून दोऱ्यांचा मान राखला. दोन दिवस ती रिकाम्या हाताने परतली.

तिसऱ्या दिवशी डोंगराला वणवा लागला. दोरे जळाले, भुईरिंगणीही जळाली. आणि त्याच दुपारी पंतांची सहा वर्षांची नात वेणू तापाने फणफणली. सकाळपर्यंत तिची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. पंतांनी मात्रा उगाळल्या, चाटणे दिली, गुण येईना. बरणीत भुईरिंगणीची काडीही उरली नव्हती. पोरीचे ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा पंतांचा धीर सुटला. उपरणे न घेताच ते धुनीकडे धावले.

"महाराज, माझी वेणू जाते हो! आणि औषध मीच अडवून ठेवलं!"

महाराजांनी ठकूकडे पाहिले. "ठकूबाई, डोंगरावर जा. काटा टोचेल तिथे खाली बघ. पंत, तुम्हीही जा."

"पण सगळं जळालंय, महाराज."

"जा," महाराज म्हणाले.

डोंगर अजून धुमसत होता. पंतांना वहाणांतूनही चटके बसत होते. ठकू मात्र महाराजांचे नाव घेत अनवाणीच राखेतून चालली होती. तिच्या पायाला ना फोड, ना चटका! एकाएकी "आई गं!" म्हणून ती थांबली. खाली पाहतात तो काय, काळ्या राखेत हिरवीगार भुईरिंगणी, जांभळी फुले लेवून पसरलेली! पंतांनी नक्षत्र मोजले नाही. गुडघे टेकून त्यांनी उघड्या हातांनी ती काटेरी वेल धरली. त्यांच्या तोंडून मंत्र निघेना. निघाले ते एवढेच, "चल गं बाई, माझं लेकरू खोकतंय."

धुनीवर काढा झाला. चमचा चमचा वेणूच्या पोटात गेला. दिवस कलला तेव्हा तिचा श्वास सुरळीत झाला होता आणि ती पेज मागत होती.

पंत तसेच धुनीवर आले आणि महाराजांच्या चरणांशी वाकले. पाहतात तर महाराजांच्या पायांचे दोन्ही तळवे राखेने काळे झालेले, फोडांनी भरलेले. महाराज तर दिवसभर आसनावरून उठलेही नव्हते! पंतांना हुंदका आवरेना. ते मस्तक टेकवणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले.

"आधी तिच्या पायातला काटा काढा, पंत. सकाळपासून तशीच चालते आहे ती."

ठकू काटा विसरूनच गेली होती. पंतांनी तिचे पाऊल मांडीवर घेतले, तशी ती अवघडून गेली. "अवं पंत, नगा! म्या काढते की!"

पंतांनी ऐकले नाही. काटा बारीक होता; तो दिसावा म्हणून त्यांना पार खाली वाकावे लागले. काटा निघाला. पण तिच्या पावलावर टेकलेले पंतांचे मस्तक बराच वेळ वर आले नाही.