फाटक्या अंतरपटाचं देऊळ

वेसरडीच्या माळावरचं हे आमचं चर्च बाहेरून कुठल्याही गावच्या चर्चसारखंच दिसतं. पण पूर्वेच्या दारातून आत आली की पाहुणे मंडळी थबकतात. समोर वेदी दिसत नाही. आढ्यापासून जमिनीपर्यंत निळा-किरमिजी पडदा दिसतो, आणि तो मधोमध उभा दुभंगलेला असतो. कुणी म्हणतं जुना झाला असेल, कुणी म्हणतं शिवायला कुणी नाही वाटतं. जुना नाही तो, दरसाल नवा विणतात. शिवायचा मात्र नाही, असा गावाचा रिवाज आहे. तो कसा पडला ते आमच्या वाडवडलांनी सांगितलं तसं सांगतो.

फार वर्षांपूर्वी इथं भिंतीबिंती काही नव्हत्या. माणसं नुकतीच ख्रिस्ती झालेली, उपासना चालायची बाभळीखाली. मोठ्या दुष्काळात मिशनच्या लोकांनी बायाबापड्यांना हातमाग बसवून दिले होते, त्यावर गाव जगलं. त्या मागांवर सगळ्यात जाणती बाई म्हणजे सगुणाबाई. ताणा लावावा तर तिनंच, असं लोक म्हणत. तिची धाकटी जाऊ लुदिया. सासरी आली तेव्हा तिला साधी कांडी भरता येत नव्हती. सगुणाबाईनं मागे उभं राहून तिला विणायला शिकवलं.

तेव्हाचे पाळक शांतवनराव. त्यांनी एका वर्षी उपासनेत मोशेच्या निवासमंडपाची गोष्ट वाचली. इस्राएल लोक रानात भटकत होते, त्यांनाही देऊळ नव्हतं. मग देवानं त्यांना तंबू करायला सांगितला. बाहेर अंगण, तिथं वेदी आणि पितळेचं गंगाळ. आत पवित्रस्थान, तिथं दीपवृक्ष आणि समर्पित भाकरी. त्याच्याही आत परमपवित्रस्थान. मधे अंतरपट. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीच्या मधे धरतात ना, तोच शब्द. त्या अंतरपटाच्या पलीकडे फक्त महायाजकानं जायचं, तेही वर्षातून एकदा. दुसरा कुणी गेला तर मरेल.

"आपणही उत्तम शुक्रवारासाठी, प्रभूच्या मरणाच्या दिवसासाठी, तसा मंडप उभारू," पाळक म्हणाले. गाव हरखलं. मांगवाड्यानं दोर वळले, कुणी खांब दिले, कुणी घरचं गंगाळ घासून आणलं. राहिला अंतरपट. त्यावर करूब विणायचे होते, म्हणजे पंख असलेले स्वर्गातले राखणदार. सगळ्यांनी सगुणाबाईकडे पाहिलं.

पाळक मात्र म्हणाले, "अंतरपट लुदियाबाई विणतील. सगुणाबाई, तुमची नजर आता अधू झाली. तुम्ही वरच्या आच्छादनाची घोंगडी करा."

भर मंडळीत म्हणाले. घरी जाऊन सगुणाबाईनं चुलीपुढे नवऱ्याला एवढंच सांगितलं, "शिकवलं मी, आणि मला उन्हापावसाची घोंगडी."

"देवाचं काम आहे," नवरा म्हणाला. "त्यात हेवा कसला?"

"देवच म्हणतो ना, मी ईर्ष्यावान देव आहे म्हणून? मग मी कोण मोठी लागून गेले?"

त्या उन्हाळ्यात दोन्ही माग एकाच ओसरीवर चालत होते. लुदियाच्या मागाचा खटका वाजला की सगुणाबाईचा हात अडखळायचा. लुदियानं करूब ओढ्यातल्या बगळ्यांसारखे विणले, लांब पंखांचे. बाया बघायला यायच्या, तोंडावर हात ठेवून उभ्या राहायच्या. जाताना कुणी म्हणायचं, "सगुणाबाई, तुमचंच शिक्षण हो!" त्या शब्दांनी तिचा जीव जास्तच जळायचा. मुलं त्या बगळ्यांना लाडाची नावं देऊ लागली, तेही तिला सोसेना. ती डोळे बारीक करून दुरून त्या कापडातली चूक शोधायची, आणि चूक सापडायची नाही.

उत्तम शुक्रवारी सकाळी मंडप उभा राहिला. माणसं ओढ्यावर हातपाय धुवायला गेली तेव्हा सगुणाबाई मागच्या बाजूची घोंगडी उचलून आत शिरली. कमरेला सुताची कात्री होती. अंतरपटाची वरची कोर तिनं मधोमध थोडी कापली, कुणाला दिसणार नाही अशी. भर उपासनेत कापड ओघळावं, लोकांनी म्हणावं की लुदियाची वीण कच्ची, एवढाच तिचा बेत होता, असं सांगतात.

ती निघणार, तोच दोरवाले आले आणि वारा सुटला म्हणून चारी बाजूंच्या मेखा ठोकून घोंगड्या घट्ट आवळून गेले. पलीकडून मंडळी आत येऊन बसू लागली. बाहेर पडायची वाट आता एकच, अंतरपटातून, सगळ्यांच्या देखत. सगुणाबाई तिथंच खाली बसली. मोशेच्या मंडपात देवाच्या आज्ञांचा कोश असायचा, त्याच्या जागी पाळकांनी एक रिकामी पेटी ठेवली होती, तिच्या शेजारी. जो आत जाईल तो मरेल, हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. पण तशातही पडद्यापलीकडून "काय विणलंय लुदियानं!" असं कुणी कुजबुजलं, की भीतीच्या वर हेवा उसळायचा. मरायचं ते मरू, पण हिचं कौतुक ऐकत मरायचं, याचं तिला जास्त वाईट वाटलं, म्हणे.

गाणी झाली, प्रार्थना झाली. पाळक वधस्तंभाचा पाठ वाचू लागले. प्रभूनं प्राण सोडला, आणि पवित्रस्थानातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, इथवर ते आले, आणि माळावरून वाऱ्याचा एक झोत आला. कापलेल्या जागेपासून अंतरपट ताण्याच्या रेषेत सरळ खाली फाटत गेला. एक करूब डावीकडे राहिला, एक उजवीकडे.

लोक गुडघ्यांवर आले. "चमत्कार! लुदियाचं कापड देवानं हातात घेतलं!" असा एकच गलका झाला. मग वारा पडला, आणि फटीतून त्यांना आत बसलेली सगुणाबाई दिसली.

ती उठली. गप्प राहती तर कदाचित निभावलं असतं. पण तिला ते कौतुक ऐकवलं नाही. कात्री उंच धरून ती ओरडली, "देवानं नाही, मी कापलं! देवाला कशाला मधे घेता?"

पाळकांच्या हातातलं पुस्तक तसंच उघडं राहिलं. लुदिया पुढे आली. तिनं आधी फाटलेलं कापड पाहिलं, मग जावेकडे पाहिलं.

"एवढं हवं होतं तर मागायचं होतं, जाऊबाई. मी दिलं असतं."

"मागून मिळालेलं काय करू? पाळकांनी मला निवडायला हवं होतं."

लुदियाचे डोळे भरले, पण राग उतरला नव्हता. "या बाहेर."

"पाय उचलत नाहीत गं." आता सगुणाबाईचा आवाज बारीक झाला होता. "मी मरणार ना इथं?"

तेव्हा लुदियानं फाटक्या कडा बाजूला सारल्या आणि ती स्वतः आत गेली. तिनं जावेचा हात नाही धरला, मनगट धरलं, आडदांड जनावर ओढावं तसं. ओढत बाहेर आणलं आणि आपल्या सतरंजीवर शेजारी बसवलं. दोघींपैकी कुणी मेलं नाही. पाळकांनी पुस्तकाकडे पाहिलं, त्या दोघींकडे पाहिलं, आणि पुढचं वाचन सुरू केलं.

उपासनेनंतर सगुणाबाई म्हणाली, "मी शिवून देते." लुदिया म्हणाली, "नको. असाच राहू दे." पुढच्या साली दोघींनी अर्धा-अर्धा पडदा विणला, एकेक करूब. सगुणाबाईचा करूब मुद्दाम मोठा होता, असं सांगतात. तिचा हेवा काही मेला नाही. मरेपर्यंत ती लुदियाच्या विणीत खोड काढत राहिली, पण लुदियाच्या शेजारी बसून.

आजही आमचा पडदा अशा दोघी विणतात ज्यांचं एकमेकींशी पटत नाही. आजही उत्तम शुक्रवारी ज्याच्या मनात कुणाबद्दल जळतं तो उपासनेआधी गुपचूप पडद्यामागे जाऊन बसतो. पडदा फाटल्याचं वचन आलं की कडा बाजूला करतात, आणि ज्याचा हेवा केला त्यानं उठून आत जायचं, मनगट धरून बाहेर आणायचं. कोण बसलंय, का बसलंय, कुणी विचारत नाही. ज्याचं त्याला कळतं.

गेल्या साली कडा बाजूला केल्या तर आत दोघी बसलेल्या, एक या कोपऱ्यात, एक त्या. एकमेकींचाच हेवा करणाऱ्या. त्यांना आणायला बाहेर कुणी उरलंच नव्हतं. मग सगळी मंडळी उठली आणि आत गेली.