खाल्लेली टेकडी

हा जो खड्डा दिसतो ना, ती आमची टेकडी. हसू नका. अंत्युखिया शहराहून पूर्वेला येताना वाटेत ज्या टेकड्या तुम्ही पाहिल्यात, त्या देवाने ठेवल्या तशा आहेत. ही एकच माणसांनी खाल्ली. मागे एक प्राध्यापक आले होते, ते म्हणाले, ही जुनी खाण असावी. मी मान डोलावली. एवढ्या लांबून येऊन त्यांना काहीतरी म्हणायला हवेच होते. ताई, जरा मागे सरा. फोटोत खड्डा यायला हवा, खड्ड्यात तुम्ही नको.

कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाचे राज्य होते, त्या काळची गोष्ट. तेव्हा धर्माचे वेड असे, की ख्रिस्तात देव किती आणि माणूस किती, यावरून न्हावी गिऱ्हाइकाचे अर्धे डोके भादरून थांबायचा. मनासारखे उत्तर मिळाले तरच उरलेले अर्धे. त्या दिवसांत या टेकडीच्या माथ्यावर एक दगडी खांब होता आणि खांबावर मार अब्दा उभे असत. ‘मार’ म्हणजे आमच्याकडे स्वामी. ऊन असो, थंडी असो, खाली उतरणार नाही असे त्यांनी देवाला वचन दिले होते. भाकरी दोरीच्या टोपलीतून वर जाई. खालून कुणी विचारी, बाबा, ख्रिस्त एका स्वभावाचा की दोन? ते वरून विचारत, जेवलास का? दोन्ही पक्षांचे पंडित त्यांना आपलेच मानत, असे सांगतात.

पायथ्याच्या गावात शमूनी नावाची विधवा कुंभारीण होती. तिची एकुलती एक पोर, तेक्ला, तापाने अंथरुणाला खिळलेली. शमूनी खांबाशी येऊन रडली, तेव्हा स्वामींकडे द्यायला काही नव्हते. ते म्हणाले, इथली चिमूटभर माती ने. तिने ती पाण्यात कालवून पोरीला पाजली. ताप उतरणारच होता की मातीने उतरला, ते देव जाणे, उतरला. शमूनीने तिथेच नवस केला, की पोर उठून चालायला लागेपर्यंत याच मातीच्या वड्या करून येणाऱ्याजाणाऱ्याला देईन. लाकडाचा ठसा कोरला: एक खांब, वर एक डोके. लोक वडी पाण्यात विरघळवून प्यायचे.

मग काय विचारता. इजिप्तहून, आर्मेनियाहून माणसे येऊ लागली. कुणाला पोटदुखी, कुणाला मूल हवे, कुणाला सासू नको. पायथ्याची माती संपली, तसे लोक वर सरकले. जितकी खांबाजवळची माती, तितका तिचा गुण मोठा, असे ठरले. कुणी ठरवले ते कुणालाच ठाऊक नाही, पण पटले सगळ्यांना. तेक्लाचा ताप मात्र परत परत यायचा, आणि दर वेळी शमूनी आणखी जवळ खणायची.

एकदा वारा सुटला तेव्हा खांब हलला म्हणे. खाली जमलेली गर्दी गुडघ्यांवर बसली. स्वामी देवाशी बोलताना थरथरतात, असे त्यांना वाटले. मार अब्दांनी वाकून हाक मारली, “शमूने, माझ्या पायाखालची तेवढी सोड ग.”

तिने वर पाहिले. कुंभाराच्या घरातली बाई ती, माती कुठवर धरते हे तिला समजत नव्हते असे नाही. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही देवाच्या एवढे जवळ. तुम्हाला जमीन कशाला हवी? माझ्या पोरीला हवी आहे.”

मार अब्दा पुन्हा सरळ झाले. उतरले असते तर वचन मोडले असते, आणि ओरडले असते तर पोरीची माती बंद झाली असती. ते उभे राहिले.

उत्सवाच्या दिवशी तेक्लाचा ताप फार चढला. शमूनीने खांबाच्या चौथऱ्याखाली हात घालून उरलीसुरली माती ओढली, सुरईत कालवली, आणि तेवढ्यात खांब कलला. आधी सावकाश, मग सगळाच.

दगडाखाली मार अब्दा अजून जिवंत होते. त्यांनी पाणी मागितले. एवढा समुदाय, प्रत्येकाच्या हातात भांडे, आणि प्रत्येक भांड्यात वडी विरघळलेली. झरा खाली गावात. शमूनीने आपलीच सुरई त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी घोट घेतला, तो तोंडात फिरवला आणि थुंकला.

“हा चिखल आहे ग,” ते म्हणाले, आणि गेले.

लोक तोवर त्यांच्या अंगाखालची माती भरत होते. तीच आता सगळ्यांत जवळची.

शमूनीने घरच्या उंबऱ्यावर सुरई उपडी केली आणि झऱ्याचे नुसते पाणी आणले. तेक्ला ते प्यायली आणि म्हणाली, “आई, आज माती नाही?” द्राक्षे उतरायच्या आधीच पोर गेली. माती दिली असती तर जगली असती का, हे शमूनी मरेपर्यंत विचारत फिरली. एका पक्षाचे पंडित हो म्हणाले, दुसऱ्या पक्षाचे नाही. बाई मध्ये उभी.

आजही या खड्ड्यात पाऊस साचतो, पण जीव गेला तरी गावातले कुणी त्याला तोंड लावत नाही. आणि आजही आमच्याकडे कुणाला पाणी देताना भांडे आधी त्याच्यापुढे कलते धरतात. तळ स्वच्छ दिसला, की मगच त्याने प्यायचे. आजाऱ्यालाही तसेच, मरणाऱ्यालाही तसेच.

घ्या ताई, दमला असाल. नीट वाकून बघा. लाजू नका; आमच्या लोकांच्या मायेवर भरवसा ठेवायचा नसतो.