धनगराची कुऱ्हाड

गडावरच्या देशमुखाचा कायदा साधा हुता. नुस्ती चोरी केली तर फटके, हत्यारानं लुटलं तर कडेलोट.

भुकेपायी बिरू धनगरानं देशमुखाच्या मळ्यातली जोंधळ्याची कणसं मोडली. राखणदारानं धरला, तसा मुकाट चालत आला. पर खांद्यावर कुऱ्हाड. आता धनगराच्या खांद्यावर कुऱ्हाड नसंल तर काय बासरी असंल?

देशमुख गरजला, "हत्यार हुतं! ह्यो दरोडाच. ढकला खाली!"

बिरूला कड्यावर हुबा केला. त्याची बायको ठकू म्होरं झाली.

"सरकार, त्यानं कुणावर उगारली का कुऱ्हाड?"

"उगारली नाय, पर संगं हुती नव्हं? तेवढं बास!"

"मंग दसऱ्याला तुमी आमच्या कळपातला मेंढा न इचारता उचलता, तवा कंबरंला तलवार असती. त्यो बी दरोडाच का, सरकार?"

देशमुखाचा हात तलवारीवर गेला, आन् चटका बसल्यागत मागं आला.

"फटके द्या त्येला," त्यो पुटपुटला. "आन् जरा हळू."