सोडवलेले मासे

"कुठे सोडलेस म्हणालास?"

"डोहात, बाबा. आपल्याच डोहात."

अच्युतपुरीबाबा मठाच्या पायरीवर बसून पंचा पिळत होते. पिळता पिळता त्यांचा हात थांबला.

चिंतामणाला वाटलं, बाबांना नीट ऐकू आलं नसावं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काल तो बाजाराच्या गावी भिक्षेला गेला होता. मासळीबाजाराच्या तोंडाशी एक घमेलं होतं. त्यात बोटभर पाणी, आणि त्या पाण्यात एकावर एक जिवंत मासे वळवळत होते. शेजारी ओंडक्यावर कोयता चालला होता. चिंतामण पुढे गेला आणि परत फिरला. डोळे मिटले तरी घमेलं दिसत होतं. शेवटी ओळखीच्या एका भाविक दुकानदाराला पैशांसाठी गळ घालून त्याने सगळे मासे सोडवून घेतले, ओल्या गोणपाटात गुंडाळून मठावर आणले आणि दिवेलागणीला देवीचं नाव घेऊन डोहात सोडले.

"एकही मेला नाही, बाबा. एवढी वाट, एवढं ऊन, तरी एकही नाही."

त्याच्या आवाजात शाबासकीची वाट पाहणं होतं. मठात येऊन त्याला फार काळ झाला नव्हता, पण आपलं मन इतरांपेक्षा हळवं आहे हे त्याला ठाऊक होतं. ते इतरांच्याही ध्यानात यावं असं त्याला वाटे.

बाबांनी विचारलं, "खवले होते?"

"नव्हते. काळे, गुळगुळीत. लांब मिशा."

"मिशा..."

"मांगूर म्हणाला विकणारा. परदेशी जात आहे म्हणाला. झपाट्याने वाढते."

"किती होते?"

चिंतामण हसला. "मोजले नाहीत. दया कुणी मोजून करतं का, बाबा?"

बाबांनी पंचा खांद्यावर टाकला आणि ते डोहाकडे बघत राहिले.

वैशाख सरत आला होता. वर आणि खाली नदीच्या पात्रात नुसते गोटे तापत पडले होते. पाणी म्हणावं असं होतं ते एवढ्या एका डोहात. नदी आटली की तिच्यातलं सगळं जिवंत इथे येऊन राही. निळसर परांचे खडशी मासे, मळ्या, वाम, दगडांच्या आडोशाला नखाएवढी पिल्लं. डोह देवीचा. इथे कुणी गळसुद्धा टाकत नसे.

"खालच्या तलावात असेच कुणी आणून टाकले होते," बाबा सावकाश म्हणाले. "आता तिथे जाळ्यात दुसरं काही येत नाही."

"का?"

"खाल्लं."

"सगळं?"

"अंडीसुद्धा."

चिंतामणाने पाण्याकडे पाहिलं. पाणी नेहमीसारखंच होतं. हिरवं, थंड, गप्प. मध्येच एक वलय उठलं आणि काठापर्यंत पसरत आलं. काल असं वलय पाहून तो हात जोडून उभा राहिला होता. आज तो काठापासून मागे सरला.

"राघू भोयाला बोलाव," बाबा म्हणाले. "जाळं घेऊन ये म्हणावं."

राघू आला. खांद्यावर पाग होता, फेकायचं गोल जाळं. पण कशासाठी बोलावलंय ते कळल्यावर तो वरच्याच पायरीवर थांबला.

"मागाल ते करीन, बाबा. पण या पाण्यात जाळं नाही टाकायचा. माझ्या आज्यानं नाही टाकलं, बापानं नाही टाकलं. दुष्काळात घरात चूल पेटली नाही, तरी नाही टाकलं."

बाबांनी मान हलवली. जणू त्यांना हेच ऐकायचं होतं.

"आणि टाकून तरी काय उपेग?" राघू म्हणाला. "वरच्या धरणाचं पाणी उद्या सुटतंय. पाणी सोडणारा पाटकरी सांगून गेला. पाणी आलं की डोह नदीला मिळतो. मग त्यांना कुठं कुठं हुडकाल?"

"उद्या कधी?" चिंतामणाने विचारलं.

"इथवर पोचायला दिवस कलंल."

बाबांनी हात पुढे केला. "दे."

राघूने जाळं दिलं. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उतरले. जाळ्याची एक कड त्यांनी दातांत धरली, थोडी कोपरावर घेतली, कमरेतून वळले आणि फेकलं. जाळं हवेत गरगरून पुरतं उघडलं आणि परातीसारखं सपाट पाण्यावर बसलं.

चिंतामण बघतच राहिला. बाबांच्या पूर्वाश्रमाबद्दल त्याने कधी विचारलं नव्हतं. शास्त्री घराण्यातले असतील असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

राघू हळूहळू पायरीवर बसला. "बाबा... तुम्ही आमच्यातले?"

"होतो."

जाळं वर आलं. खडशी उसळत होते. बाबांनी एकेकाला दोन्ही हातांवर घेऊन पाण्याखालीच मोकळं केलं. सगळ्यांत शेवटी एक काळा उरला. तो त्यांनी चिंतामणापुढे धरला.

"हा तुझा."

"काय करू?"

"पाण्यात परत जाऊ द्यायचा नाही."

चिंतामणाने मासा तापलेल्या खडकावर ठेवला आणि तोंड फिरवलं. आपोआप होईल जे व्हायचं ते... पण काही होईना. मासा हवा गिळत होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. मग तो अंग वळवत, परांवर रेटत, पाण्याच्या दिशेने सरकू लागला.

बाबा पाण्यात उभेच होते. जाळं घडी करून हातावर घेतलेलं. दुसऱ्यांदा फेकत नव्हते.

चिंतामणाला उशिराने कळलं की ते कशासाठी थांबलेत.

"बाबा, जीव न मारण्याचं व्रत तुम्हीच दिलंत मला."

"दिलं."

"मग?"

मासा खडकाच्या कडेला पोचला. पुढे पाणीच होतं.

चिंतामणाने दगड उचलला.

पहिला घाव नीट बसला नाही. दुसरा घालावा लागला. त्याने हात धुतले, पुन्हा धुतले. मागे वळून पाहिलं तेव्हा जाळं दुसऱ्यांदा हवेत उघडलं होतं.

दुपारपर्यंत राघू पायरीवर नुसता बसून होता. मग तो उठला, देवळाकडे तोंड करून त्याने कानाला हात लावले, घरून आणखी एक जाळं आणलं आणि न बोलता पाण्यात शिरला. दिवसभर जाळी पडत राहिली. जाळं वर येताना चिंतामणाचा जीव टांगणीला लागे. काळा असावा असं वाटे, आणि नसावा असंही वाटे. नसला की वाटे, तो अजून खाली आहे, खातो आहे. असला की दगड उचलावा लागे.

राघूने त्यांतल्या एका मेलेल्याचं पोट फाडून दाखवलं. आत नखाएवढी पिल्लं होती. काही अजून चांदीसारखी चमकत होती.

"एका रातीत," राघू म्हणाला.

चिंतामणाने त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. कुणी त्याला जेवही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाळ्यात काळे कमी येऊ लागले. मग येईनासे झाले. राघूने कंबर सरळ केली. तेवढ्यात बाबांच्या जाळ्यात आणखी एक आला, सगळ्यांहून मोठा. मग पुन्हा नुसते खडशी. मग नुसता पाला.

"संपले का?" चिंतामणाने विचारलं.

राघूने त्याच्याकडे पाहिलं. "सोडले किती होते, बुवा?"



दिवस कलला आणि पाणी आलं. आधी गोट्यांच्या मधून एक काळी ओली रेघ सरकत आली. मागोमाग फेस, पालापाचोळा, वाळक्या काटक्या. डोह भरला, काठोकाठ झाला आणि खालच्या कडेवरून वाहू लागला. खडशी प्रवाहाकडे तोंड करून उभे राहिले, मग एकामागून एक वर चढू लागले. राघूच्या चेहऱ्यावर हसू आलं. चिंतामण मात्र खालच्या कडेकडे बघत होता. पाणी तिथून नदीत चाललं होतं, आणि त्या गढूळ पाण्यातून काय काय चाललंय ते दिसत नव्हतं.

एकदा त्याला वाटलं, काहीतरी काळं वळलं. काटकी होती. की नव्हती?

सकाळी तो झोळी भरून बाबांसमोर आला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आज्ञा द्या, बाबा. काशीला जाईन म्हणतो."

बाबा फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन विणत होते. राघूचं होतं, खडकाला लागून उसवलं होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"राघू सांगून गेला," ते म्हणाले. "नदीच्या वळणावळणाला थोडं थोडं पाणी थांबेल. तिथे जाळी टाकून बघावी लागतील. या उन्हाळ्यात, पुढच्याही."

"ऐकलं मी," चिंतामण म्हणाला. "पण इथे बसवत नाही, बाबा. पाण्यावर वलय उठलं की छातीत धस्स होतं. डोळे मिटले तर दगड दिसतो. डोहाकडे बघवतच नाही. गंगेत बुडी मारतो, जे प्रायश्चित्त सांगतील ते घेतो. काहीही करतो, पण यातून एकदा सुटू द्या मला."

बाबांनी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. जाळं उजेडाकडे धरून पाहिलं.

"सुटायची घाई होती," ते म्हणाले, "म्हणूनच तर सोडलेस."