सोपानचा खराब पार्ट

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. खोटी निघाली तर माझ्या मिशा उतरवा. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे तसा हजर नव्हतो, त्या दिवसांत मी सासुरवाडीला होतो. पण ज्याने मला सांगितली तो कधी खोटं बोलत नाही. बोलतो, पण माझ्याशी नाही. आणि मिशा मी ठेवतच नाही, तेव्हा निर्धास्त ऐका.

निंबटेक नावाच्या गावात सोपान खरमाटे नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगाने धडधाकट, मनाने निर्मळ. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा. सगळी अडचण तीच होती.

सोपानचं लग्न जमत नव्हतं. स्थळं यायची, चहा प्यायची, विचारायची, "मुलगा काय करतो?"

आई सांगायची, "शेती."

स्थळं बशी खाली ठेवायची आणि म्हणायची, "कळवतो."

शेवटी आईने एक खेळी केली. डोईफोड्यांची कावेरी पाहायला जायचं ठरत होतं, तेव्हा तिने निरोप धाडला, "आमचा सोपान घरच्या घरी कॉम्प्युटर बनवतो." डोईफोडे एकदम खूश. म्हणाले, मग आम्हीच येतो, कॉम्प्युटर बघतो, मुलगाही बघतो. दसरा झाल्यावरचा रविवार ठरला.

आता बनवणं आलं. सोपानचा मामा, भास्करमामा, तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने सुटे पार्ट मिळवून दिले, कागदावर चित्रं काढून दिली. सोपानने चित्राबरहुकूम एकेक पार्ट जोडला. दसऱ्याला पेटी तयार.

आई म्हणाली, "नवं यंत्र आहे. आधी पूजा कर. नीट कर बाबा, आतून-बाहेरून."

सोपानने झाकण उघडलं. बाहेरून हळदकुंकू वाहिलं, आतून वाहिलं. बाहेरून अक्षता टाकल्या, आतून टाकल्या. आतल्या जरा जास्तच पडल्या, कारण आत जागा जास्त होती. मग झाकण लावलं, हार घातला आणि बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही.

सोपानने मामाला फोन लावला.

"मामा, चालू होत नाही."

"मागच्या बाजूला एक बटण असेल, ते बघ."

सोपानने बघितलं. "बघितलं मामा."

"मग?"

"छान आहे. काळं आहे."

"अरे, बघायचं नाही, दाबायचं! चालू होत नसेल तर आधी मागे जाऊन दाबायचं. लक्षात ठेव."

सोपानने लक्षात ठेवलं. बटण दाबलं. कॉम्प्युटर तसाच.

इतक्यात गोठ्यातून आईची हाक आली, "सोप्या, म्हैस बसलीय ती उठेना. धार काढायचीय. बघ जरा."

सोपान गोठ्यात गेला. म्हैस बसली होती. म्हणजे बंद होती. चालू होत नसेल तर मागे जाऊन दाबायचं. तो मागे गेला आणि दाबलं.

म्हैस चालू झाली. सोपान शेणाच्या ढिगात पडला, बादली उडून पलीकडच्या अंगणात गेली.

आई ओरडली, "अरे मुडद्या, असं दाबून उठवतात का? आधी पाठीवरून हात फिरवायचा, पुढे पेंड ठेवायची, गोड बोलायचं, मग काम घ्यायचं!"

"असं होय," सोपान म्हणाला. त्याने लक्षात ठेवलं.

अंघोळ करून तो घरात आला. कॉम्प्युटरच्या पाठीवरून हात फिरवला. पुढे घमेलंभर पेंड ठेवली. म्हणाला, "ए गुणाच्या, ऊठ की रे." आणि बटण दाबलं.

काही नाही. पेंडीलाही तोंड लावलं नाही.

पुन्हा मामाला फोन.

"मामा, खात नाही, पीत नाही, चालू होत नाही."

मामा म्हणाला, "हे बघ, आत एक हिरवी पट्टी आहे, उभी. ती काढ, तिचे पितळी दात खोडरबराने घासून पूस आणि परत बसव. कट्ट आवाज येईपर्यंत दाबायचं. कट्ट झालं की पक्कं बसलं."

सोपानने पट्टी काढली, घासली, बसवली, दाबली. कट्ट आवाज आला नाही. कुर्र आला. तांदूळ चावल्यासारखा.

"मामा, कुर्र होतंय."

"कुर्र? कुर्र कसं होईल? दाब अजून."

सोपान अजून दाबणार, तेवढ्यात आजोबा, म्हणजे आप्पा, बाहेरून आले. त्यांच्या हातात कवळी होती. "सोपाना, ही हल्ली तोंडात हलते रे. काहीतरी कर."

सोपानने कवळीकडे पाहिलं. दात होते. नीट बसत नव्हते. काय करायचं हे तर त्याला आत्ताच कळलं होतं. त्याने खोडरबर घेतलं, एकेक दात घासला, कवळी आप्पांच्या तोंडात ठेवली, एक हात टाळूवर, एक हनुवटीखाली, आणि दाबलं.

कट्ट.

"पक्की बसली आप्पा!"

आप्पांनी ओंजळीत कवळीचे दोन तुकडे काढले. ते बरंच काही बोलले. दात नसल्यामुळे त्यातलं काही लिहिता येण्यासारखं नाही. असते तरी लिहिता आलं नसतं.

रविवार उजाडला. कॉम्प्युटर बंद, आप्पा बंद, आईचा जीव टांगणीला. तिने देवासमोर हात जोडले, "हे एक स्थळ तेवढं जमू दे. पुढचं मी बघून घेते." सोपानने शेवटचा फोन लावला.

मामा आता दमला होता. म्हणाला, "ऐक. जोडलंय त्यातलं एकेक काढत जायचं. एक काढलं की बघायचं, चालू होतंय का. नाही झालं तर दुसरं काढायचं. जे काढल्यावर चालू होईल, तो पार्ट खराब. तो खोक्यात घालायचा, बिल घ्यायचं आणि दुकानात नेऊन बदलून आणायचा. कळलं?"

"कळलं."

"पुन्हा सांगू?"

"नको मामा. या वेळी अगदी कळलं."

त्याने झाकणाचे स्क्रू काढले न काढले तोच दारात जीप थांबली. डोईफोडे आले. रावसाहेब डोईफोडे, कावेरी आणि तिची मावशी.

पाणी झालं. पोहे झाले. आणि मग सगळे गप्प बसले. रावसाहेब छताकडे बघत होते. मावशी साडीच्या काठाकडे. आई दाराला टेकून, पदर तोंडाशी धरून. कावेरी एकटी कॉम्प्युटरकडे बघत होती, कारण झाकणाच्या फटीतून एक कुंकवात भिजलेला तांदूळ तिच्या पायाशी घरंगळत आला होता.

बोलणं चालू होईना.

सोपानने विचार केला. चालू होत नाही म्हणजे कोणतातरी पार्ट खराब. तो उठला.

"मावशी, जरा उठा."

"का हो?"

"बाहेर चला." त्याने मावशींना ओसरीवर नेऊन बसवलं, परत आला, कान देऊन ऐकलं. आत गप्प.

"रावसाहेब, आता तुम्ही."

"मी कुठे?"

"बाहेर. तुम्ही खराब आहात का ते बघायचंय."

रावसाहेबांच्या घशात पोहे अडकले. सोपानने त्यांनाही नेलं, ठसक्यासकट. मग आईला नेलं. ती वाटेत त्याला चिमटे काढत होती. आप्पांना काढायची गरज नव्हती, ते आधीच कोपऱ्यात खराब म्हणून बसून होते. पण नियम तो नियम. त्यांनाही उचललं.

राहिले दोघं. सोपान आणि कावेरी. तरीही गप्प. सोपानने तिच्याकडे पाहिलं. हिला काढावं असं काही त्याच्या मनात येईना. मग राहिलं कोण?

तो स्वतः उठला, अंगणात गेला आणि दार ओढून घेतलं.

आत कावेरीने झाकण बाजूला केलं, पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि सरळ उलटी केली. दोन मुठी अक्षता, झेंडूच्या पाकळ्या आणि एक सुपारी जमिनीवर पडली. तिने पट्टी काढून फुंकली, परत बसवली. कट्ट. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला.

"बाबा, चालू झाला!"

ओसरीवरची मंडळी आत धावली. अक्षतांचा ढीग पाहून मावशी हसायला लागल्या. रावसाहेब हसले, आई हसली, आप्पा तर बिनदातांचे हसले. सगळे एकदम बोलू लागले. घर कसं भरून गेलं.

सोपान अंगणात उभा राहून ऐकत होता. आपण आत होतो तोवर सगळं बंद. आपण बाहेर आलो, सगळं चालू. कॉम्प्युटरसुद्धा.

खराब पार्ट सापडला होता.

पाहुणे निघाले. जाताना रावसाहेब म्हणाले, "कळवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपान आईला म्हणाला, "आई, चल तालुक्याला." आईला वाटलं, कॉम्प्युटर चालू झाला, पोरगं पेढे घ्यायला चाललंय. ती निघाली. सोपानच्या काखेत मोठं रिकामं खोकं होतं.

कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्यावर सोपानने खोकं जमिनीवर ठेवलं, त्यात उतरला, गुडघे मुडपून बसला आणि म्हणाला, "बदलून द्या."

दुकानदाराने खोक्यात वाकून पाहिलं. "काय बदलून देऊ?"

"मला. एकेक काढून बघितलं. मी काढल्यावर सगळं चालू झालं."

दुकानदार जुना, मुरलेला माणूस. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने विचारलं, "बिल आहे?"

"बिल नाही. पण बनवणारी कंपनी बरोबर आणलीय." सोपानने आईकडे बोट केलं.

दुकानदाराने आईकडे पाहिलं. आईने कपाळावरचा घाम पुसला आणि हळूच म्हणाली, "दादा, मिळत असेल बदलून, तर बघा ना. वापर झालाय, नाही म्हणत नाही. पण डोकं अजून पॅकिंगमध्येच आहे."

दुकानदाराने दोघांना चहा पाजला आणि वॉरंटी संपली म्हणून खोक्यासकट घरी परत पाठवलं.

आता कबूल करतो. यातलं सगळं खरं आहे, म्हशीसकट, कवळीसकट. परत पाठवलं, एवढंच मी रचलं. दुकानदाराने सोपानला ठेवून घेतला. सांगितलं ते तसंच करणारा आणि कधी न चिडणारा माणूस तो कधीपासून शोधत होता. त्याने सोपानला तक्रारीच्या फोनवर बसवला. मुलगा कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला आहे म्हटल्यावर रावसाहेबांनी त्याच संध्याकाळी कळवलं.

तुमचा कॉम्प्युटर चालू झाला नाही आणि तुम्ही तिथे फोन लावलात, तर पलीकडून शांत आवाज येतो, "आधी मागचं बटण बघा."

तुम्ही म्हणता, "बघितलं."

तो म्हणतो, "छान आहे ना?"