जाळरेषेपलीकडच्या खुर्च्या

एकदा एका राज्याने आपल्या रानातल्या वन्यजीवांच्या रक्षणासाठी एक मंडळ नेमले. मंडळाला अध्यक्ष होते, सभासद होते, मोहर होती. सांबर, साळिंदर, अस्वल यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांचे बरेवाईट मात्र आता या मंडळाच्या हाती होते.

त्या रानात उन्हाळ्याआधी जाळरेषा काढत. जाळरेषा म्हणजे रानाच्या कडेने गवत कापून, उचलून, उरलेले बुडखे जाळून मोकळी केलेली रुंद पट्टी. माळावरचा वणवा धावत येतो, त्या उघड्या मातीपाशी पोचतो, आणि पुढे खायला काही नाही म्हणून तिथेच विझतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या रानाकाठची माणसे करीत आली होती. मंडळ आले आणि ठरले की यापुढे काम ठेक्याने द्यायचे, निविदा मागवायच्या, सर्वांना समान संधी द्यायची. ऐकायला चांगले वाटते. पण अटींमध्ये एक अट अशी होती की ठेकेदाराचे शहरात स्वतःच्या मालकीचे दुमजली गोदाम असावे. गवत कापायला गोदाम कशाला लागते, हे कोणी विचारले नाही. रानाकाठच्या माणसांकडे विळे होते, गोदाम नव्हते. गोदाम होते एका व्यापाऱ्याकडे, आणि तो व्यापारी अध्यक्षांचा साडू होता.

समान संधी ती हीच, बरं का. दार सर्वांना उघडे, फक्त चौकट एकाच्याच मापाची.

माघ सरता सरता व्यापाऱ्याने काम पूर्ण झाल्याचे कळवले. तसा दाखला द्यायचा तर रानाच्या अधिकाऱ्याची सही लागे. अधिकारी तरुण होता, नोकरीत नवा होता. लहानपणी तो एका वृद्ध, ज्ञानी माणसापाशी शिकला होता. सगळे त्यांना बाबा म्हणत. सही करायच्या आदल्या दिवशी तो बाबांकडे गेला आणि समोर जाऊन बसला.

"बोल की," बाबा म्हणाले.

"बाबा, जाळरेषा पाहून आलो. रस्त्यावरून दिसते तेवढी ऐसपैस आहे. दोन्ही कडांना चुना लावलेले दगडसुद्धा मांडलेत. वळणाच्या पुढे मात्र..."

"मात्र काय?"

"जरा अरुंद आहे. कापलेले गवतही तिथेच पडून आहे."

"वाळलेले?"

"हो."

"म्हणजे वणव्याला अंथरूणच घातले म्हणायचे. मग? सही करणार?"

शिष्याने मान खाली घातली. "अध्यक्ष म्हणतात, या वर्षी करून टाका, पुढच्या वर्षी बघू. नाही केली तर मला इथे ठेवणार नाहीत. घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे, बाबा. या नोकरीवर तिचे औषधपाणी चालते. आणि तसे पाहिले तर, जराच अरुंद आहे."

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "अध्यक्षांना माझा निरोप दे. म्हणावे, दाखल्याचा समारंभ पाहायची म्हाताऱ्याची इच्छा आहे. फक्त खुर्च्या मी सांगेन तिथे मांडायच्या."

अध्यक्षांना आनंदच झाला. असा पूज्य माणूस समोर बसला की कामाला आपोआप शुद्धता येते, असे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवशी वळणाच्या पुढे, जाळरेषेच्या पलीकडे, रानाच्या बाजूला खुर्च्या मांडल्या गेल्या. सतरंजी अंथरली, लाडू आले. गवत कापणाऱ्या गावच्या बायका एका कडेला उभ्या राहिल्या. माळावरून रानाकडे कोरडा वारा वाहत होता. सगळे बसले. अध्यक्षांनी दाखला आणि लेखणी शिष्यापुढे सरकवली.

एवढ्यात बाबांनी कोपरीच्या खिशातून काडेपेटी काढली.

"बाबा, विडी ओढायला लागलात की काय?" व्यापारी हसला.

बाबांनी काडेपेटी शिष्याच्या हातात ठेवली. "पोरा, ही रेषा ओलांडून माळावर जा. तिथल्या गवताला काडी लाव आणि परत ये. मग सही कर. आम्ही सगळे इथेच बसतो."

व्यापाऱ्याचा लाडू हातातच राहिला. "हा काय वेडेपणा!"

"वेडेपणा कसला? वणवा अडवायला रेषा आहे. ती तुम्ही काढलीत. बसा की निवांत."

"अहो, वारा इकडेच येतोय!" अध्यक्ष अर्धे उठले.

"चैत्रात तो तुम्हाला विचारून वाहणार आहे का?"

शिष्याला काही कळेना. गुरूची आज्ञा म्हणून तो पाय ओढत रेषेपलीकडे गेला आणि गवतापाशी वाकला. त्याने काडी बाहेर काढली मात्र, व्यापारी उठला. त्याच्या मागून सभासद उठले. अध्यक्षांचे उपरणे खुर्चीच्या हाताला अडकले, ते तसेच टाकून त्यांनी रस्ता गाठला.

"शेट, निघालात व्हय?" कडेची एक म्हातारी ओरडली. "रेघ तुमचीच हाय न्हवं? लाडू तरी संपवून जावा!"

बायका हसल्या. पण त्यांच्या हसण्यात आनंद नव्हता. रिकाम्या खुर्च्यांमध्ये बाबा एकटे बसून होते. शिष्याने वळून पाहिले. त्याने काडी परत पेटीत घातली आणि तो धावत आला.

"बाबा, मला नाही पेटवता येत. आग ओलांडेल. तुम्ही जळून जाल!"

"हे तुला आत्ता कळले?"

शिष्याने काडेपेटी बाबांसमोर ठेवली.

तेव्हा बाबांचा आवाज चढला. तो कधी चढत नसे, म्हणून बायकाही दचकल्या. "काल पलीकडे सांबरे होती, तेव्हा ही रेषा जराच अरुंद होती. आज पलीकडे मी बसलो, तर तुला काडी ओढवत नाही. रेषा तेवढीच आहे, लेकरा. ही जी माणसे आत्ता पळाली ना, त्यांना काम कच्चे आहे हे माहीत नव्हते असे मला कोणी सांगू नये. माहीत नसते तर बसून राहिली असती. ज्यांना तक्रार करता येत नाही, ज्यांची पिल्ले पळूही शकत नाहीत, त्यांच्या आणि आगीच्या मधली जमीन यांनी खाल्ली. वर दगडांना चुना लावला! आणि या सगळ्याला फक्त तुझ्या नावाची कमतरता होती. तुझी नोकरी जाईल, हे खरे आहे. मी खोटा धीर देणार नाही. तुझ्या आईसाठी जे जमेल ते आपण करू. पण जिथे बसायची यांची छाती नाही, तिथे दुसऱ्या जिवांना बसवायचा दाखला तू देणार असशील, तर माझ्यापाशी काही शिकलास असे कुणाला सांगू नकोस."

आग नाही असे पाहून अध्यक्ष परत आले होते. घाम पुसत ते म्हणाले, "पुरे झाला तमाशा. सही करा साहेब. नाहीतर उद्या या जागेवर दुसरा अधिकारी येईल."

"येऊ द्या," बाबा म्हणाले. "त्यालाही आम्ही इथेच खुर्ची देऊ."

शिष्याने लेखणी उचलली. दाखल्यावर त्याने आडवे लिहिले, काम अपुरे आहे, पुन्हा करावे. खाली सही केली.

"याचा परिणाम कळतो का तुम्हाला?" अध्यक्षांनी विचारले.

"कळतो," शिष्य शांतपणे म्हणाला. "काल कळत नव्हता."

महिन्याभरात त्याची दूर कुठे बदली झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. आईला घेऊन तो गेला. पण त्याआधी रेषा पुन्हा निघाली, चांगली रुंद, गवत उचललेली. व्यापाऱ्याला ती काढणे भाग पडले, कारण तो स्वतःच्या कामापासून पळताना बायकांनी पाहिला होता आणि ते सगळ्या गावात झाले होते.

आपण ज्या कामाला मान्यता देतो, त्याच्या पलीकडे स्वतःची खुर्ची मांडून घटकाभर बसता येईल का, एवढे सहीआधी प्रत्येकाने पाहावे.